गाडीतच झोपलो, मग परवाना कशाला?

"आम्ही कुठं तंबू ठोकला? गाडीतच तर झोपतो," मोठी मोटरहोम घेऊन ताडोब्याकडे येणारे असं सांगतात, आणि आमच्या गावांतही बरेच जण ते खरं मानतात. हे चूक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम २७ तंबूबद्दल बोलतच नाही. ते परवान्याशिवाय अभयारण्यात शिरायला आणि राहायला मनाई करतं. कलम ३५ मुळे हे राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. गाडीत रात्र काढणं हेही राहणंच. शेजारी जंगलाला धोका होईल अशी चूल पेटवली तर अशा आगीला मनाई करणारं कलम ३० आहेच. उन्हाळ्यात सागाच्या वाळल्या पानांना एक ठिणगी पुरते, अन् मग वणवा विझवायला आमच्याच गावची पोरं धावतात. जंगलाबाहेर, गावात कुणाच्या अंगणात, त्याला विचारून खुशाल थांबा. रात्री मात्र एकटे बाहेर फिरू नका.