आवाजी मतदान

विधानसभेत ठराव किंवा विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष आधी अनुकूल असतील त्यांना 'होय' म्हणायला सांगतात, मग प्रतिकूल असतील त्यांना 'नाही', आणि कानाला जो आवाज मोठा वाटेल त्यावरून निकाल जाहीर करतात. राज्यघटनेच्या कलम १८९ मध्ये हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत एवढंच आहे, बाकी कामकाजाची पद्धत कलम २०८ नं सभागृहाच्या नियमांवर सोडलीय.

उगमाबद्दल एकमत नाही. आपल्याकडची पद्धत ब्रिटिश पार्लमेंटकडून आली हे उघड आहे, पण आरोळीवर निर्णय घेणं त्याच्या फार आधीचं. इ.स.पू. ४३२ च्या सुमारास स्पार्टाच्या सभेत युद्धाचा प्रश्न आला तेव्हा कुठली आरोळी मोठी ते कळत नाही म्हणून लोकांना दोन बाजूंना उभं केलं, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो, म्हणजे आवाज आणि मग मतविभागणी हा क्रम तेव्हाही दिसतो. भारतीय मूळ शोधायचं तर बौद्ध संघात ठराव तीनदा ऐकवून गप्प बसणं हीच संमती धरायचे, आणि वाद मिटला नाही तर शलाका (मतासाठीच्या काड्या) वाटून मतं मोजायचे. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत १० नंबरच्या लेण्यातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदाता याचा लेख (साधारण दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) दान निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून फलकावर नोंदवलं म्हणतो, तोही यात ओढला जातो, पण तिथे जाहीर वाचन आहे, मतदान नाही, त्यामुळे तो पुरावा जपूनच वापरलेला बरा.

खरी अडचण नोंदीची आहे. आवाजी मतदानात कोण काय बोललं ते कागदावर येत नाही, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या १५ आमदारांपैकी आपल्या आमदारानं एखाद्या विधेयकाला होय म्हटलं की नाही हे मतदाराला कामकाज चाळूनही सापडत नाही, आणि हे फार वाईट आहे. निकालाला हरकत घेऊन मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितली तर चित्र बदलतं. लोकसभेत मग लॉबी मोकळी करून साडेतीन मिनिटं घंटा वाजते. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासठराव आवाजी मतदानानं संमत झाला, भाजपचे १२२ निवडून आलेले आणि बहुमताला १४५ लागत होते, त्यामुळे शिवसेना-काँग्रेसनं मोठा आक्षेप घेतला. जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारच्या विश्वासठरावावर मात्र शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९.

घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, तिथे आकडा मोजावाच लागतो.