लेकराचं दुखणं आणि घराची रीत

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास हलका करणारी उपशामक सेवा, ही शेवटच्या दिवसांसाठीच असते, असा समज नर्सिंगच्या मुली वर्गात येतानाच घेऊन येतात. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली केलेली व्याख्या मात्र वेगळं सांगते. ही सेवा निदानापासूनच सुरू होते, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत, आणि घरच्यांना सावरणं हाही तिचाच भाग आहे.

हे कळायला वैद्यकाला वेळ लागला. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग डॉक्टर. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, सुरू केलं. वेदना शरीरापुरती नसते, तिच्यात मन, घर आणि श्रद्धाही असते, हा त्यांचा आग्रह होता. पण लहान मुलांसाठीचं पहिलं हॉस्पिस, ऑक्सफर्डचं हेलन हाउस, उघडायला १९८२ उजाडलं. तेही सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या परिचारिका असलेल्या ख्रिस्ती ननने उघडलं. तोवर तान्ह्या बाळांना वेदना कळतच नाहीत असं धरून जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. कंवलजीत आनंद या डॉक्टरांनी १९८७मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास मांडला आणि हा समज कोसळला. हे शिकवताना अजूनही पोटात कालवतं.

शुश्रूषेत संस्कृतीचा धागा आला तो मॅडलिन लायनिंगर या परिचारिकेकडून. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला मानसिक त्रास असलेल्या मुलांसोबत काम करताना त्यांना जाणवलं, की वेगवेगळ्या घरांतली मुलं एकाच शुश्रूषेला सारखी दाद देत नाहीत. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीच्या डोंगरांत राहिल्या, आणि त्यातून 'ट्रान्सकल्चरल नर्सिंग', म्हणजे रुग्णाच्या घरची रीत जाणून केलेली शुश्रूषा, हा विषय घडला. म्हणजे या विषयाचं बीज मुलांच्या खाटेपाशीच पडलं.

भारतात १९८६ साली मुंबईत शांती अवेदना हे हॉस्पिस सुरू झालं. पुढे त्याची शाखा गोव्यात लोटलीला आली. औषधाची वाट मात्र अवघडच राहिली. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने तीव्र वेदनेवरचं मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात अडकवलं, आणि कायद्यात दुरुस्ती झाली २०१४मध्ये.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, सत्तरी, पेडणे, सासष्टीबरोबर सिंधुदुर्ग आणि कारवारचीही माणसं येतात. एकाच वॉर्डात एखादी आजी नातवाच्या उशाखाली देवळातला अंगारा ठेवते, शेजारच्या खाटेवर रोझरीचे मणी असतात. कॅथलिक घरातलं बाळ अत्यवस्थ झालं आणि पाद्री पोचायला वेळ असेल, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, परिचारिकासुद्धा. फक्त तशी इच्छा आईवडिलांची हवी. अनेक हिंदू घरांत तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मुसलमान घरातलं कुणी हलक्या आवाजात कलमा म्हणेल, तेव्हा मॉनिटरचा आवाज कमी करावा.

पण ही यादी पाठ करून भागत नाही. धर्म एकच असला तरी दोन घरांच्या रीती वेगळ्या निघतात. वेदनेचंही तसंच. किती दुखतंय ते दाखवायच्या चेहऱ्यांच्या तक्त्यावर घरी जायची ओढ लागलेलं मूल हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवतं. कुणी 'ठणकतंय' म्हणतं, कुणी 'दुखता', तर कुणी नुसतं भिंतीकडे तोंड करून पडतं. म्हणून वॉर्डात पहिल्या दिवशी मुलींनी आईजवळ बसून एवढंच विचारावं: बाळाला घरी काय म्हणून हाक मारता, आणि दुखलं की तो कुणाकडे जातो?