बोलताना 'होम', अर्जावर 'रेसिडेन्स'

बोलताना आपण 'घर' म्हणतो, अर्जावर 'निवासस्थान' लिहितो. इंग्रजीतही अशीच वाटणी आहे, फक्त तिथे संस्कृतच्या जागी लॅटिन बसली आहे.

'होम' आणि 'हाउस' जुन्या इंग्रजीतले. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या गावांच्या नावांतला 'हॅम' म्हणजे 'होम'चंच जुनं रूप. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. लॅटिन मुळाचे शब्द बहुतांशी त्याच वाटेने आले. 'रेसिडेन्स'च्या मुळाशी 'बसणे' आहे, तर 'मॅन्शन'च्या मुळाशी 'थांबणे'.

पण देशी तेवढं घरगुती, असा नियम मात्र करू नये. 'ड्वेलिंग' अस्सल देशी. 'ड्वेल'चा मूळ अर्थ वाट चुकवणे, अडवणे; त्यातून रेंगाळणे आणि शेवटी राहणे. आज तो बोलण्यातून जवळजवळ गेलाय, विम्याच्या कागदांत आणि बांधकामाच्या नियमांत टिकून आहे.

मराठी माणूस अडखळतो तो साध्या शब्दांवरच. 'गो टू होम' चूक, 'गो होम' बरोबर. जुन्या इंग्रजीत दिशा दाखवायला नामाची विभक्ती पुरायची, त्याचा हा अवशेष. आपल्या 'घरी जा'मध्येही वेगळं शब्दयोगी अव्यय लागत नाही. मात्र आधी 'माय' किंवा 'हर' आलं की 'टू' परत येतो. ब्रिटिशांच्या कानाला 'हाउस' म्हणजे जमिनीवरचं स्वतंत्र घर, म्हणून पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटला तो शब्द खटकतो. मित्राला बोलावताना 'माय प्लेस' म्हणावं. आणि 'व्हेअर डू यू स्टे?' विचारलं तर लंडनकर हॉटेलचं नाव सांगेल. स्कॉटलंडमध्ये मात्र हाच प्रश्न आपल्यासारखा, राहत्या घराबद्दल विचारतात.

सगळ्यात फसवा शब्द 'डोमिसाइल'. तो पत्ता नव्हेच. इंग्लिश कायद्यात वास्तव्याला कायम राहण्याचा इरादा जोडला, तरच नवं डोमिसाइल मिळतं. रेसिडेन्स दोन असू शकतात, डोमिसाइल एका वेळी एकच. नोकरीसाठी दहा वर्षं लंडनला राहिलेला, पण परतायचं ठरवून बसलेला पुणेकर तिथला रेसिडेंट असतो, डोमिसाइल भारताचंच. महाराष्ट्रात 'डोमिसाइल काढायचंय' म्हणतात ते १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याबद्दल. खरं तर राज्याराज्यांचं वेगळं डोमिसाइल नसतं, ते अख्ख्या भारताचं एकच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितलं होतं.