संपादकाला आमदारकीसाठी पेपर सोडावा लागतो?

‘संपादकाने आमदारकीला उभं राहायचं तर आधी पेपरचा राजीनामा द्यावा लागतो,’ हा मेसेज ठाण्यात वर्षानुवर्षं फिरतोय. तसा नियम नाही.

विधानसभेच्या उमेदवाराला राज्यघटनेचं कलम १७३ भारतीय नागरिकत्व आणि किमान २५ वर्षं वय मागतं. कलम १९१ लाभाच्या पदाला, म्हणजे पगार किंवा आर्थिक फायदा देणाऱ्या पदाला, हरकत घेतं, पण ते पद सरकारी असावं लागतं. खासगी साप्ताहिकाचं संपादकपद तसं नाही. सरकारी नोकराला मात्र नोकरी सोडावीच लागते. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा, आणि तो साहजिक आहे.

स्वतः पाहायचंय? उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, सर्वांसाठी खुलं असतं. त्यातला व्यवसायाचा रकाना वाचा. मग जांभळी नाक्यावरून आणलेल्या साप्ताहिकाच्या तळाशी बारीक टायपात छापलेलं संपादकाचं नाव उमेदवाराच्या नावाशी ताडून बघा.