दुखतं कुठं, ते कागदावर काढू या
काजू कारखानदार, मच्छीमार संस्था आणि बचत गटांसाठी, कामातून येणाऱ्या दुखण्यांवरच्या आमच्या कार्यशाळेची माहिती

अंग दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं, की ‘कधीपासून?’ हे विचारलं जातं. ‘काम काय करता?’ हे बहुतेक वेळा राहूनच जातं. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं. आमची कार्यशाळा त्याच प्रश्नानं सुरू होते. उत्तर मात्र आम्ही चित्रात मागतो, कारण ‘काय त्रास आहे?’ असं थेट विचारलं की बायका ‘काय नाय’ म्हणून मोकळ्या होतात.

खाकी कागदाचा मोठा ताव जमिनीवर पसरायचा. एकीनं त्यावर आडवं व्हायचं, दुसरीनं कोळशानं तिच्या अंगाची रेघ काढायची. मग जिथं दुखतं तिथं लाल तेलखडू, जिथं बधिर होतं तिथं निळा, जिथं कातडी भाजते तिथं काव.

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू युनिटमध्ये बारा जणींचे ताव आम्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावले. बोटांवर काव सगळ्यांनीच लावली होती. टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, त्यानं कातडी पोळते. काळे पडलेले हात म्हणजे नुसता डाग नव्हे. पण नऊ तावांवर उजव्या खांद्यावरही लाल ठिपका होता. ‘माका वाटला, माझोच खांदो दुखता,’ एक जण हळूच म्हणाली. त्या नऊही जणी काजू फोडायच्या मशीनवर बसणाऱ्या. बसायची जागा खाली आणि दांडा वर, त्यामुळे दिवसभर हात खांद्याच्या वरून ओढावा लागे. मालकांनी बैठकीखाली फळ्या टाकून ती उंच केली. खर्च किरकोळ झाला, पण ते ठिपके शेजारी शेजारी दिसल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मासळीवाल्या बायकांबरोबर आम्ही चित्रापेक्षा नाटकावर भर देतो. दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचले जातात; त्यामुळे लिहितावाचता न येणारीही पुढं येते. बर्फातली कोळंबी सोलून बोटं कशी आखडतात, डोक्यावरच्या पाटीनं मान कशी भरते, हे एक जण करून दाखवते आणि बाकीच्या तिला दुरुस्त करतात. सगळ्यात खरी माहिती या दुरुस्त्यांतूनच मिळते.

आम्ही डॉक्टर नाही. औषध सांगत नाही. तपासणीची गरज वाटली तर तसं त्या व्यक्तीला एकटीला सांगतो.

दोन-दोन तासांच्या तीन बैठका असतात. एका गटात बारा ते पंधरा जण. पहिल्या दोन बैठकांना मालक किंवा मुकादम नको, हे आधीच स्पष्ट सांगतो. तिसरीला जरूर या. पिंगुळीच्या चित्रकथीत पोथीतलं एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगतात, तशीच ही माणसं आपली चित्रं तुम्हाला दाखवतील. वेळ कामाच्या तासांत धरा आणि मजुरी कापू नका. सुट्टीच्या दिवशी बोलावलेली माणसं घड्याळाकडे बघत बसतात.

मच्छीमारांसाठी १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी सोयीची, पण जुलैत बायका भातलावणीत असतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा मागा. ताव ज्यांचे त्यांच्याकडेच राहतात; फोटो काढायचा तर विचारून.

कागद, खडू, काव आम्ही आणतो. तुम्ही जागा तेवढी द्या, बारा माणसं हातपाय पसरून आडवी होतील एवढी.