अंडाशयाचा कॅन्सर : सीटी स्कॅन आणि जीन टेस्ट एकत्र का बघायच्या?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हद्दीपलीकडच्या चंदगडहून आमच्या सेंटरवर येणाऱ्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

“स्कॅन झालं, बायोप्सी झाली, कॅन्सर आहे हे कळलं. आता ही रक्ताची महागडी जीन (जनुक) टेस्ट आणखी कशाला?” काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्तच आहे. खर्च तुमचा असतो, धावपळही तुमचीच.

स्कॅन सांगतो, रोग पोटात कुठे आणि किती पसरलाय. जीन टेस्ट सांगते, तो कशामुळे वाढतोय आणि कुठल्या औषधाला दबेल. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ हे जीन प्रत्येकाच्या शरीरात असतात, बाईच्याही आणि पुरुषाच्याही. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट जोडण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. जन्मतःच त्यात बिघाड असेल तर ही दुरुस्ती अडते आणि कॅन्सरचा धोका वाढतो. आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए१ च्या बिघाडात साधारण ४० टक्के किंवा त्याहून जास्त धरतात. बीआरसीए२ मध्ये ती त्यापेक्षा बरीच कमी असते, तरी सर्वसाधारण बाईच्या कितीतरी पट. पण ज्या दुरुस्तीअभावी गाठ होते, तीच दुरुस्ती नसल्याने ती गाठ औषधापुढे कमजोरही पडते. कार्बोप्लॅटिनसारख्या किमोला अशा गाठी सहसा चांगला प्रतिसाद देतात. ओलापॅरिबसारख्या गोळ्याही याच कमजोरीवर बोट ठेवतात. अमेरिकेत त्या गोळीला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना उपचार ठरवायला आधार मिळतो.

आता स्कॅनकडे येऊ. जठरापासून खाली आतड्यांवर चरबीचा एक पडदा लोंबत असतो, त्याला ओमेंटम म्हणतात. सीटीत चरबी काळपट दिसते. रोग तिथे पोचला की त्या काळपट भागात करडे-पांढुरके ठिपके, गाठी किंवा जाड थर दिसू लागतात. काही पेशंटमध्ये या गाठी वाटाण्यासारख्या गोल, कडा स्पष्ट असलेल्या असतात. काहींमध्ये रोग कडा न धरता आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात झिरपत जातो. संशोधकांनी असे स्कॅन आणि जीन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा गोल गाठींचा नमुना बीआरसीए बिघाड असलेल्यांत जास्त आढळला आणि झिरपणारा नमुना बिघाड नसलेल्यांत. या जोडणीला रेडिओजीनोमिक्स म्हणतात.

याचं महत्त्व आम्हाला फार वाटतं, कारण बायोप्सीची सुई एकाच जागेचा तुकडा आणते. एकाच पेशंटच्या पोटातल्या दोन गाठींतले जीनचे बिघाड वेगळे असू शकतात. सगळं पोट एका नजरेत बघायला स्कॅनच लागतो.

पण नुसता स्कॅन बघून “तुम्हाला बीआरसीए आहे” किंवा “नाही” असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. आम्ही असा रिपोर्ट देत नाही आणि त्याचे पैसेही घेत नाही. तब्येत ठणठणीत असलेल्या बायकांसाठी अंडाशय कॅन्सरचं चेकअप पॅकेजही आमच्याकडे नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांची वर्षानुवर्षं सीए-१२५ या रक्ताच्या टेस्टने आणि सोनोग्राफीने तपासणी झाली; मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ मध्ये स्पष्ट झालं. मात्र पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं असं काही आठवड्यांपासून रोजच होत असेल, तर गॅसच्या गोळ्या घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांनी पुढचा भाग नक्की वाचावा. हा बिघाड वडिलांकडूनही येतो. “आमच्या आईच्या माहेरी कुणाला नव्हतं,” एवढ्यावर थांबू नका. आत्या, आजोबांच्या बहिणी, चुलत बहिणी यांनाही स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, ते विचारा. आई किंवा वडील, कुणातही बिघाड असेल तर प्रत्येक मुलात आणि मुलीत तो येण्याची शक्यता ५० टक्के. कोल्हापूरला, गोव्याला दिलेल्या लेकींनाही हे कळवायला हवं. लग्नाच्या मुलीचं नाव खराब होईल म्हणून रिपोर्ट लपवलेला आम्ही पाहिलाय, आणि त्याचं वाईट वाटतं. वेळेत कळलं तर मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि नळ्या काढून धोका पुष्कळ कमी करता येतो. ते कोणत्या वयात, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

येताना जुन्या स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह आणा. फक्त फिल्म आणि रिपोर्ट पुरत नाहीत, कारण फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात. बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, जिथे तपासला तिथून मागून घ्या. गाठीतला बिघाड त्यावरच तपासतात. जीनसाठी रक्त द्यायला उपाशी राहावं लागत नाही. कॉन्ट्रास्ट (स्कॅन स्पष्ट दिसण्यासाठी शिरेतून देतात ते औषध) घालून सीटी करायचा असेल तर मात्र क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो, आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तसं आधी सांगा. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत किंवा कन्नडमध्ये, जे सोपं जाईल त्यात, आमच्याकडून पूर्ण समजावून घ्या.