राइट-इन मत

मतपत्रिकेवर नाव छापलेले नाही अशा व्यक्तीचे नाव मतदाराने स्वतः लिहून दिलेले मत. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथे उमेदवारांच्या यादीखाली एक कोरी ओळ असते आणि तिच्या कडेला लहानसा लंबगोल असतो. बऱ्याच ठिकाणी नाव लिहून लंबगोलही भरावा लागतो. जपानमध्येही मतदार कोऱ्या पत्रिकेवर नाव लिहितो, परंतु ते रीतसर नोंदलेल्या उमेदवाराचेच असावे लागते. त्यामुळे त्या पद्धतीची गणना येथे केलेली नाही.

उगम : १८८८ पूर्वी अमेरिकेत सर्वसाधारणपणे सरकारी मतपत्रिका नसे. पक्ष आपापल्या पत्रिका छापून वाटत (‘तिकीट’ हा शब्द त्यांनाच लावला जाई) आणि मतदार त्यांतली एक पेटीत टाकी. न पटलेले नाव खोडून त्याने दुसरे लिहिले, किंवा त्यावर गोंद लावलेली नावाची पट्टी डकवली, तरी ते मत ग्राह्य धरले जाई. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारी छपाईची गुप्त मतपत्रिका आणली. अमेरिकेत ती प्रथम स्वीकारण्याचा मान काही लेखक केंटकीतील लुइव्हिल शहराला देतात, तर काही मॅसॅच्युसेट्सला. दोन्ही कायदे १८८८ चेच. मात्र लुइव्हिलचा कायदा शहरापुरता होता. संपूर्ण राज्याचा विचार करता मॅसॅच्युसेट्सचा दावा ग्राह्य मानणे योग्य.

छपाई सरकारकडे गेली आणि एक नवा प्रश्न उभा राहिला : सरकारने छापले नाही ते नाव मतदाराने निवडूच नये काय? कोऱ्या ओळीचा उगम या प्रश्नात आहे, पण तिचा अर्थ लावताना दोन मते दिसतात. एका मतानुसार पत्रिका मुळात मतदाराची होती. तिची छपाई हाती घेताना सरकारने त्याचा जुना हक्क शाबूत ठेवला, तीच ही ओळ. दुसऱ्या मतानुसार ही केवळ कायद्याने दिलेली सवलत असून ती काढूनही घेता येते. १९९२ मध्ये हवाईतील खटल्यात (बर्डिक विरुद्ध ताकुशी) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याची राइट-इनबंदी वैध ठरवली. उमेदवारीचे इतर मार्ग पुरेसे खुले आहेत, असे बहुमताचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने त्यामुळे दुसरे मत प्रस्थापित झाले. इतिहासाचा पुरावा मात्र पहिल्याकडे अधिक झुकतो. हवाईप्रमाणेच लुइझियाना, नेव्हाडा, ओक्लाहोमा व साउथ डकोटा येथे ही मुभा नाही. अन्यत्र बहुधा उमेदवाराने आधी नोंदणी केली असेल तरच अशी मते मोजतात.

निवडून आलेले उमेदवार : अशा मतांवर सेनेटमध्ये गेलेले पहिले गृहस्थ म्हणून साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थर्मंड (१९५४) यांचे नाव घेतले जाते. तथापि कॅलिफोर्नियाचे विल्यम नोलंड १९४६ मध्ये उरलेल्या अल्प मुदतीसाठी असेच निवडून आले होते. त्या पत्रिकेवर कोणाचेच नाव छापलेले नव्हते. म्हणून छापील प्रतिस्पर्ध्याला हरवणारे पहिले, एवढ्या अर्थानेच थर्मंड यांचा मान टिकतो. १९५८ मध्ये आर्कान्सॉत डेल आल्फर्ड प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा त्यांच्या नावाच्या चिकटपट्ट्या वाटल्या गेल्या होत्या. जुन्या गोंदपट्टीचीच ही पुनरावृत्ती. १९६४ मध्ये न्यू हॅम्पशरची रिपब्लिकन प्राथमिक निवडणूक (राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार ठरवण्यासाठीची) हेन्री कॅबट लॉज यांनी राइट-इन मतांवर जिंकली. ते त्या वेळी दक्षिण व्हिएतनाममध्ये राजदूत होते.

मतमोजणीतील वाद : हेतू पाहायचा की अक्षर, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न. २०१० मध्ये अलास्कात सेनेट सदस्य लीसा मर्कोव्स्की सेनेटच्या उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत निवडणूक हरल्या आणि राइट-इन उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. आडनाव लिहायला कठीण, म्हणून ते छापलेली मनगटपट्टी त्यांनी मतदारांना वाटली. मोजणीच्या वेळी एकेक पत्रिका हातात घेऊन वाचण्यात आली. एखादे अक्षर चुकले तरी प्रतिस्पर्धी जो मिलर यांचे निरीक्षक हरकत नोंदवीत. अशा पत्रिका आठ हजारांवर होत्या. मर्कोव्स्की यांचे मताधिक्य दहा हजारांवर होते, त्यामुळे हरकतीची सर्व मते वगळूनही त्याच पुढे राहत होत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही मतदाराचा हेतू कळत असेल तर किरकोळ चूक आड येऊ नये असे ठरवले.

२००४ मध्ये सॅन डिएगोच्या महापौरपदासाठी डॉना फ्राय यांना मात्र उलट अनुभव आला. पाच हजारांवर पत्रिकांवर त्यांचे नाव स्पष्ट लिहिलेले होते, परंतु लंबगोल भरलेला नसल्याने ती मते धरली गेली नाहीत. धरली असती तर त्या विजयी ठरल्या असत्या. मतदाराने स्वहस्ते लिहिलेल्या नावापेक्षा रिकाम्या लंबगोलाला अधिक वजन देणारा हा नियम समर्थनीय वाटत नाही.

भारत : भारतात ही सोय नाही. उलट, मतदाराची ओळख पटेल असे लिखाण कागदी मतपत्रिकेवर असल्यास ती बाद होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पत्रिकेवर नावेच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी वेगळी असे. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) हा पर्याय मिळाला, पण तो नकारापुरताच आहे; त्यातून दुसरे नाव सुचवता येत नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता नोटाला काल्पनिक उमेदवाराचा दर्जा दिला. त्यानुसार नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेतली जाते.